नोंद सापडत नाही

चहा संपला की आपण कप बशीत ठेवतो. भाऊसाहेब तो उलटा करतात. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून बुडाकडे बघतात, बुडाच्या खरखरीत कडेवरून अंगठा फिरवतात, नखाने एक टिचकी मारून कान लावतात आणि मग कपाचं गाव, "खुर्जा", एवढंच बोलून कप खाली ठेवतात. कधीकधी चहा संपेपर्यंत त्यांना दम निघत नाही. लेंग्यावरचे डाग त्याचेच.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. ते तलाठी होते, आणि आपल्याकडे तलाठ्याला नाव नसतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. गाव म्हणजे सुपा. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते बारामतीकडचं. हे पारनेर तालुक्यातलं, पुणे-नगर रस्त्यावरचं. डोंगरावर पवनचक्क्या, खाली एमआयडीसी, त्यात जपानी कारखान्यांसाठी राखलेले भूखंड, आणि चहाच्या टपरीवरसुद्धा गुंठ्याचा भाव. अशा गावात निवृत्त तलाठ्याने काय करायचं हे गावाने परस्पर ठरवून ठेवलं होतं: प्लॉटिंग. सगळे गट नंबर तोंडपाठ, कोणाच्या बांधावरून कोणाची भाऊबंदकी पेटली ते ठाऊक, आणखी काय पाहिजे? पण भाऊसाहेबांनी गावाचा पार हिरमोड केला. ते जुनी चिनी भांडी जमवायला लागले. तीही साधी भांडी नव्हेत. चिनी विद्वानाच्या लिहायच्या मेजावर असायची, तेवढीच.

घराण्यात असा एक माणूस असतोच. कुणी अडकित्ते जमवतो, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं, कुणी किल्ल्या हरवलेली कुलपं. यांच्या खिशात भिंग असतं, कपाटाच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी असतं आणि किंमत विचारली की ते निम्मी सांगतात. बायको ती मनातल्या मनात दुप्पट करते. भाऊसाहेब याच जातकुळीतले. फरक इतकाच की त्यांचा जिन्नस काय आहे हे समजून घ्यायलाच पाहुण्याचा अर्धा तास जातो.

कुंचले उभे ठेवायची नळकांडी. कुंचले धुवायच्या वाट्या. शाई उगाळताना दगडावर थेंबभर पाणी सोडायला बेडकाच्या आकाराची इवलीशी झारी. ओला कुंचला टेकवून ठेवायला पाच शिखरांचा बोटभर डोंगर. शिक्क्याची हिंगुळी लाल शाई ठेवायची चपटी डबी. चिन्यांच्या लेखी कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड ही अभ्यासिकेतली चार रत्नं. भाऊसाहेबांचा जीव या रत्नांवर नाही. रत्नांची सरबराई करणाऱ्या चिनी मातीच्या लवाजम्यावर आहे.

"पण भाऊसाहेब, तुम्हाला कुंचल्याने लिहिता येत नाही, चिनी वाचता येत नाही. विद्वानाच्या मेजाचं तुम्हाला काय पडलंय?"

हा प्रश्न त्यांना सगळ्यात आवडतो. ते चष्मा काढतात, पंच्याने पुसतात आणि पुन्हा घालतात. "विद्वान विद्वान म्हणजे कोण हो? सरकारी नोकर! परीक्षा देऊन लागलेला. महसूल गोळा करायचा, जमिनीची भांडणं तोडायची, वरनं साहेब आला की पळापळ करायची. स्वतःच्या प्रांतात नेमणूक मिळायची नाही. जरा बूड टेकलं की बदली. आता सांगा, हा माझा कोण लागतो?"

नातं लावलं तर लागतं. ती परीक्षा १९०५ साली बंद झाली, पण त्याआधी हजारांहून जास्त वर्षं चीनचा कारभार अशा परीक्षा पास झालेल्या माणसांनी चालवला. आपण ज्याला विद्वान म्हणून नमस्कार करतो तो बहुधा कुठल्या तरी जिल्ह्याच्या कचेरीत बसून गाऱ्हाणी ऐकून कंटाळलेला असायचा. संध्याकाळी घरी येऊन तो मेजापाशी बसायचा आणि सारावसुलीचे कागद सोडून देवदाराच्या झाडाखाली बसलेल्या ऋषीचं चित्र काढायचा.

त्यातला भाऊसाहेबांचा लाडका म्हणजे सू तुंगपो. मोठा कवी, मोठा अंमलदार. कवितांमधून सरकारवर टीका केली म्हणून पकडला गेला आणि मग हुआंगचौ नावाच्या आडगावी धाडला गेला. भाऊसाहेबांच्या भाषेत, साइड पोस्टिंग. तिथे १०८२ साली मित्रांबरोबर नावेत बसून तो लाल कड्याखाली गेला आणि त्या रात्रीवर त्याने जे लिहिलं ते चिनी माणूस आजही विसरलेला नाही. सहाशे वर्षांनंतरच्या कुंभारांनी तो मजकूर कुंचल्याच्या नळकांड्यांवर निळ्या रंगात उतरवला, एका बाजूला नाव आणि कडा, दुसऱ्या बाजूला अक्षरांच्या रांगा. "आणि आपल्याकडं साइड पोस्टिंग झालं की माणूस काय करतो?" भाऊसाहेब विचारतात, आणि उत्तरही तेच देतात. "मेडिकल टाकतो."

मला वाटतं, खरं कारण याच्याही खाली आहे. भाऊसाहेबांचं अक्षर देखणं होतं. चावडीत उतरत्या डेस्कापुढे मांडी घालून ते सातबारा लिहीत तेव्हा लोक उतारा घ्यायला नव्हे, लिहिताना बघायला थांबत. आता उतारा छापून येतो, २०१८ पासून तर त्यावर सहीही डिजिटल. ते चांगलंच झालं, असं भाऊसाहेब स्वतः सांगतात. खाडाखोड करणाऱ्यांची नावंही सांगतात. पण हातातली कला हातातच राहिली. तिला काहीतरी काम लागतं.

ते काम म्हणजे रजिस्टर.

घरातल्या प्रत्येक भांड्याचा भाऊसाहेबांनी सातबारा काढला आहे. लांबडी वही, हाताने आखलेले रकाने, काळी शाई, मथळे लाल शाईत. त्यातलं एक पान मी जवळून पाहिलं. वस्तू: कुंचलेदाणी, निळी-पांढरी. आकारमान: उंची सहा इंच. भोगवटादार: स्वतः. चतुःसीमा: पूर्वेस टीव्ही, पश्चिमेस देव्हारा, उत्तरेस भिंत, दक्षिणेस रस्ता, म्हणजे नातवंडांचा जाण्यायेण्याचा. पोटखराबा: काठाला दोन टवके, एक केसाएवढी चीर. इतर हक्क: सौभाग्यवतींचा पळ्या ठेवण्याचा वहिवाटीचा हक्क. आणि पिकाचा रकाना, दर हंगामाला इमानाने भरलेला. खरीप: पळ्या दोन, झारा एक, लाटणं एक. रब्बी: बॉलपेन चार, पैकी चालू एक.

ही कुंचलेदाणी त्यांच्या संग्रहातली मानाची. भिंगारच्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. नगरच्या छावणीतल्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं, असं तो म्हणाला. भाऊसाहेबांनी या वाक्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे. दाणी हातात घेतली की आधी तिचं वजन जाणवतं. बारीक दिसते, पण बूड जड आहे. निळा रंग एकसारखा नाही. डोंगराच्या कडेला गडद, मग पाण्याने पातळ होत होत धुक्यात विरलेला. देवदाराखाली एक म्हातारा बसलाय. त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आहेत, पण ते ठिपके दूर कुठेतरी बघतात. मागे एक पोरगं, काखेत कापडात गुंडाळलेलं तंतुवाद्य, चेहऱ्यावर 'आता घरी कधी जायचं' असा भाव. "हा माझा कोतवाल," भाऊसाहेब पोराकडे बोट दाखवून म्हणतात.

मग दाणी उलटी होते. तो सोहळाच असतो. आधी आतलं पीक काढून टेबलावर ठेवायचं, खाली पंच्याची घडी, मग दोन्ही हातांनी. बुडाची कड बिनझिलईची, त्यावर भट्टीतल्या वाळूचे कण चिकटलेले. मधोमध निळ्या दुहेरी वर्तुळात सहा अक्षरं, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, उजवीकडून वाचायच्या: महान छिंग घराण्यातल्या कांगशीच्या काळात केलेलं. कांगशी बादशहा १६६१ साली गादीवर आला आणि १७२२ पर्यंत राहिला. भाऊसाहेब हे नगरच्या पट्टीत मोजतात. "इकडं शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, तिकडं कांगशी तीन सुभेदारांच्या बंडाशी झुंजतोय. इकडं औरंगजेब १७०७ ला भिंगारला मेला, तिकडं कांगशी धडधाकट!"

पाहुणा भारावतो. तीनशे वर्षांची वस्तू, आणि तीही सुप्यात! मग भाऊसाहेब त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढतात. "पण नोंद सापडत नाही."

ही अक्षरं विश्वासाची नाहीत. चिनी कुंभारांना मागच्या एखाद्या बादशहाचं नाव घालायची जुनी खोड होती. कधी फसवायला, बऱ्याचदा नुसती थोरांना वंदना म्हणून. कांगशीच्या काळातल्या भांड्यांवर त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या चेंगह्वाचं नाव सापडतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडच्या भांड्यांवर कांगशीचं. त्यात १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या, म्हणजे चीनच्या त्या कुंभारनगरीच्या अंमलदाराने हुकूम काढला की भांड्यावर बादशहाचं नाव घालायचं नाही. भांडं फुटलं, उकिरड्यावर गेलं, की नावाची विटंबना होते. म्हणून खऱ्या कांगशी काळातल्या कितीतरी बुडांवर नुसतं दुहेरी वर्तुळ आहे, आत काही नाही. "रकाना आखलाय, भरला नाही," भाऊसाहेब खुशीत येतात. "असले सातबारे मी किती पाहिलेत!" म्हणजे ज्याच्यावर नाव त्याच्यावर संशय, आणि कोऱ्याला मान. आयुष्यभर महसूल खात्यात काढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्यांच्या दाणीचा त्यांनी काढलेला निकाल असा: अक्षरं जरा जास्तच नीटनेटकी, निळा रंग जरा कच्चा, सबब एकोणिसावं शतक संपतानाची. "नाव आजोबाचं, काम नातवाचं." हे सांगताना त्यांचा चेहरा उतरत नाही, उजळतो. इतर संग्राहक वस्तू खोटी निघाली की आजारी पडतात. भाऊसाहेबांना प्रकरण निकाली निघाल्याचा आनंद होतो. मात्र 'खोटं' हा शब्द ते कधी वापरत नाहीत. जमिनीच्या भांडणात त्यांनी तो कधी वापरला नव्हता. माणसाला खोटं म्हटलं की कुऱ्हाडी निघतात. नोंद सापडत नाही म्हटलं की तो तालुक्याला जातो.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. भाऊसाहेब बुधवारचे. सुप्याहून पहाटेची एसटी, डोक्याला टोपी, हातात रिकामी नायलॉनची पिशवी, आत दोन जुने टॉवेल. आपल्याला काहीच घ्यायचं नाही हे दाखवायची त्यांची एक पद्धत आहे. आधी कंदिलाचा भाव विचारायचा. मग गंजलेल्या पान्याचा. मग निघाल्यासारखं करून, अगदी सहज, "आणि हे काय, पेनं ठेवायचं का?" बाजारातल्या विक्रेत्यांना ही पद्धत इतकी पाठ झाली आहे की त्यांनी कंदील विचारला की एकजण लगेच चिनी माल पुढे सरकवतो, तोही उलटा करून. पिवळ्या झिलईवर गुलाबी ड्रॅगन असलेल्या कालपरवाच्या फुलदाणीला चहाच्या पाण्यात मुरवून शंभरीची केलेली असते. भाऊसाहेब ती हुंगतात. "गवती चहा आहे," म्हणतात.

बुडावर रोमन अक्षरांत 'चायना' असलं तर काम आणखी सोपं. अमेरिकेने १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे, तेव्हापासून हा शिक्का बोकाळला. "त्याच्या आधीचं नाही, एवढं तरी कळलं." हे वाक्य ते ज्या समाधानाने उच्चारतात त्या समाधानाने लोक लॉटरी लागल्याचं सांगतात.

मोकळ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसलात तर इतिहास ऐकावा लागतो आणि त्यातून सुटका नसते. नगरच्या निजामशाहीचं बंदर चौल. चौलला जमिनीत चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत. "म्हणजे माल घाट चढून नगरला आलाच असणार की नाही?" पुढे मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला गेले आणि येताना रेशीम, चहा आणि चिनी भांडी घेऊन आले. जमशेदजी जीजीभाई स्वतः किती वेळा चीनला जाऊन आले! मग सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा, ज्यांचा चिनी संग्रह मुंबईच्या म्युझियममध्ये आहे. मग पुण्याचे दिनकर केळकर, चष्म्याच्या दुकानाच्या कमाईतून अडकित्ते, दिवे, दौती गोळा करत गेले आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन मोकळे झाले. केळकरांचं नाव घेताना भाऊसाहेब टोपी सरळ करतात. काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आतून म्हणतात, "त्यांनी देऊन टाकलं, ते तेवढं ध्यानात ठेवा."

मुंबईच्या म्युझियमला ते वर्षातून एकदा जातात. तिथल्या चिनी भांड्यांबद्दल त्यांची एकच तक्रार आहे: सगळी सरळ ठेवली आहेत. काचेला नाक लावून, वाकून, गुडघ्यावर बसून बघितलं तरी बूड दिसत नाही. एकदा त्यांनी पहारेकऱ्याला हळूच विचारलं, "जरा उलटं करून दाखवता का?" पहारेकरी चांगला माणूस होता. तो हसला.

सगळेच हसतात असं नाही. पुतण्याच्या लग्नाचं बघायला शिरूरला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी आत गेली. बोलणी सुरू होणार एवढ्यात भाऊसाहेबांनी कप उलटा केला. खोलीत शांतता. मुलीच्या वडिलांना वाटलं कपात काहीतरी निघालं. मुलीच्या आईला वाटलं हा नकार द्यायचा यांच्याकडचा रिवाज असावा. "काय झालं पाव्हणं?" वडिलांनी विचारलं. "काही नाही," भाऊसाहेब म्हणाले, "नोंद एकदम स्वच्छ आहे." हे मुलीबद्दल आहे असं समजून तिकडच्यांनी होकार दिला. लग्न झालं. ती सून आता भाऊसाहेबांना चहा स्टीलच्या पेल्यात देते.

मागे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन बसवायला एक चिनी इंजिनिअर आला होता. भाऊसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला होता, असं काकू सांगतात. ओळखीपाळखी काढून त्यांनी त्या पोराला घरी जेवायला आणलं. मोबाईलमध्ये बोललेलं भाषांतर करून मिळत होतं. पोराने बुडावरची सहा अक्षरं क्षणात वाचली, खांदे उडवले आणि मोबाईलमधून आवाज आला, "हे सगळ्यांच्या आजीकडे असतं." भाऊसाहेबांनी तेही रजिस्टरला शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं. मग पाणी पिताना त्या पोराची नजर काकूंच्या तांब्यावर गेली. त्याने पाणी संपवलं, तांब्या उलटा केला, बुडाकडे बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि टिचकी मारली. भाऊसाहेब उठून उभे राहिले. भाषा नव्हती, पण दोघं त्यानंतर तासभर घरातली तांब्यापितळेची भांडी उलटी करत बसले होते, आणि काकू वाढायची थांबून कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

आता वय झालं आहे. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, विकून टाका. भाऊसाहेब त्याला १९७२ चा पुरावशेष कायदा ऐकवतात: शंभर वर्षांच्या वरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा म्हणतो, देशाबाहेर कोण नेतंय, फर्ग्युसन रस्त्यापर्यंत नेतो. यावर भाऊसाहेबांकडे उत्तर नाही. म्हणून त्यांनी वारसाचं काम हातात घेतलं आहे, रीतसर. कुंचले धुवायची एक सुबक वाटी, कमळाच्या पानाच्या आकाराची, त्यांनी चित्रं काढणाऱ्या नातीच्या नावे करायचं ठरवलं. फेरफार लिहिला. नोटीस काढून फ्रिजवर चुंबकाने लावली: कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

चौदाव्या दिवशी हरकत आली. किराणा यादीच्या पाठीमागे, काकूंच्या अक्षरात: "सदर वाटीत मी लसूण ठेवते."

हरकत आली की फेरफार तक्रारी होतो आणि मंडळ अधिकाऱ्याकडे जातो. त्या घरात मंडळ अधिकारी कोण हे सुप्यात कोणालाही विचारा. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. तोवर ताबा काकूंचा, आणि पिकाच्या रकान्यात भाऊसाहेबांनी देखण्या अक्षरात भरून ठेवलं आहे: लसूण, सोललेला.